पदराआडचा सवाल

अक्का, सकाळचा चहा झाला की माझा हात अजून फोनकडे जातो. नुसत्या आवाजाचा फोन तुमच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून आपला फोन कायम व्हिडिओचा. तुम्ही हसनाबादच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला फोन टेकवून बसायचात, मी इकडे बदनापुरात खिडकीपाशी. उजेड माझ्या पाठीमागे आला की तुम्ही रागवायचात. "तोंड काळं करून कामून बसलीस? ओठ दिसून न्हाई राह्यले तुहे." मग मी खुर्ची फिरवायची आणि आपल्या गप्पा सुरू व्हायच्या. तुम्ही गेल्यावरही दोनदा मी खुर्ची उजेडाकडे फिरवून बसले, आणि फोन हातात घेतल्यावर ध्यानात आलं.

तुम्ही कशानं गेलात, आजार किती दिवसांचा, हे भाऊ येईल त्याला सांगताहेत. थोरल्या दिरांना मी इतकी वर्षं चार शब्दांपलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. आता बोलताहेत, तर बोलू देत. मला तुमच्याशी दुसरं बोलायचंय. त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीतच आहे, तरी इथं लिहिते.

मी लग्न होऊन आले तेव्हा मी जालन्यात वाढलेली, डीएड झालेली. तुमची शाळा सातवीत सुटलेली, पण मिरचीच्या तोडणीला शेतात बायकांची रांग उभी करून तिच्यावर नजर ठेवणाऱ्या तुम्ही. दोन जावांत भांडण लागायला एवढं पुरतं. आपल्यात लागलं नाही ते आत्याबाईंमुळे. आपल्या सासूबाईंचा स्वभावच असा, की आपल्याला एकमेकींशिवाय कुणी उरलं नाही. त्या देवपूजेला बसल्या की आपण स्वयंपाकघरात कुजबुजायचो. कुणाची साडी, कुणाचा टोमणा, माहेरचं काही. नव्या घरातला माझा सगळा धीर त्या कुजबुजीत होता.

मग ती एकतर्फी झाली. मी काहीतरी पुटपुटायचे आणि तुम्ही भाकरी थापत राहायचात. मला वाटलं, रुसलात. तुमच्या मनाला माझं काय लागलं असेल, याचा मी विचार करत बसले. मग एका दुपारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला होतात, आणि मान वर करून मला विचारलंत, "अजून एक बी शिट्टी कशी झाली न्हाई गं?"

डाळ खाली लागल्याचा वास घरभर झाला होता. मी उठून कुकर उतरवला.

चाळिशी गाठली नव्हतीत तुम्ही.

त्यानंतर घरात औषधांचा सपाटा सुरू झाला. गावात ज्याला त्याला कानाचं औषध माहीत होतं. कुणी कांद्याचा रस सांगितला, कुणी लसूण घालून कढवलेलं तेल. कुणाच्या मामेबहिणीला शेळीच्या दुधानं गुण आल्ता. भोकरदनच्या बाजारात एकानं तुमच्या कानात नळी घातली, तोंडानं ओढल्यासारखं केलं आणि तळहातावर एक किडा दाखवला. भाऊंनी टीव्हीवरची जाहिरात बघून तेलाची बाटली मागवली, तीही नेमानं सुरू झाली. काहीही नवीन कानात पडलं की घरातले सगळे तुमच्याभोवती गोळा व्हायचे. "आलं का ऐकू?" तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघायचात आणि म्हणायचात, "हाव, जरा फरक हाये."

फरक काही नव्हता. मग असं का म्हणत होतात, ते मी पुढे कधीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, "एवढे सगळे आशेनं बघून राह्यलेले असतेत. त्यांच्या तोंडावर न्हाई कसं म्हणू?"

लहानपणी तुमचा उजवा कान वाहायचा. त्याच्या पडद्याला भोक राहिलं होतं, हे तुम्हालाही धड माहीत नव्हतं आणि बाटली विकणाऱ्यानं कानात बघायची तसदी घेतली नव्हती. तेल त्या भोकातून आत गेलं. ठणका, ताप, सकाळी उशीवर पू. जालन्याला नेलं तेव्हा कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि समोर बसून, सावकाश, तुमच्याकडे बघून सांगितलं की दोन्ही कानांची आतली नस आधीपासूनच झिजत होती. उजव्यात जे थोडं शिल्लक होतं ते या दुखण्यात गेलं. डाव्यातलं सांभाळू, त्याला मशीन लावू.

"नस परत चालू व्हायचं औषध?" भाऊंनी विचारलं.

"अशी झिजलेली नस परत आणणारं औषध माझ्याजवळ नाही," बाई म्हणाल्या. "आणि कुणी म्हणालं माझ्याजवळ आहे, तर कानात काही टाकायच्या आधी इथं या."

परतताना एसटीत भाऊ खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात, आणि आपला आवाज किती मोठा निघतोय हे तुम्हाला कळत नव्हतं म्हणून सगळ्या गाडीला ऐकू गेलं: "तुम्ही मायेनंच टाकलं तेल. मह्या मनात काही न्हाई. पण आता ह्या कानात मशीन सोडून बिलकुल काही जाणार न्हाई."

कंडक्टरनंसुद्धा वळून पाहिलं होतं.

मशीन घातलं म्हणजे कान आले असं झालं नाही. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज तुम्हाला घणासारखा लागला, तासाभरात काढून ठेवलंत. दुसऱ्या दिवशी परत घातलंत. रोज थोडं थोडं. मशीन आवाज द्यायचं, शब्द लावायचे तुम्हालाच. त्यासाठी तुम्ही लोकांचे ओठ बघायला लागलात. बोलणाऱ्याच्या तोंडावरून तुमची नजर हलायची नाही, नवी माणसं बिचकायची. वर्षभरात तुम्हाला मशीन काढलेलं असतानाही समोरच्या माणसाचं निम्म्याहून जास्त बोलणं कळायला लागलं. उरलेलं अंदाजानं जुळवायचात.

आणि मग आपली कुजबुज परत आली, पहिल्यापेक्षा झकास. आवाज काढायचाच नाही, फक्त ओठ हलवायचे. मला तुमचे वाचायला वेळ लागला, पण जमलं. मध्ये आत्याबाई बसलेल्या आणि त्यांच्या डोक्यावरून आपल्या दोघींचं सगळं चाललेलं. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "ह्या दोघी दिवसभर काय चघळून राह्यल्या?"

"सुपारी, आत्याबाई," तुम्ही म्हणालात. मला उठून परसात जावं लागलं, हसू दाबता येईना.

मग आमची बदली आणि बदनापूरचं घर, आत्याबाईंचं जाणं, मुलांची शिक्षणं. ते सगळं आपल्या दोघींनाही पाठ आहे. मला गौरीवर यायचंय.

रामेश्वर आणि मनीषा तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. त्यांची गौरी सहा-सात महिन्यांची असताना तुमच्या हातून तिच्या मागे परात पडली. तुम्हाला मशीनमधून तो आवाज लागला आणि तान्ह्या पोरीचा डोळासुद्धा लवला नाही. तुम्ही परात मुद्दाम परत आपटलीत. मग तिला कडेवर घेऊन मनीषाकडे गेलात. मनीषा आधी चिडली, मग रडली, आणि आठवडाभरात तुमच्याबरोबर जालन्याला निघाली. तपासणी झाली. दोन्ही कानांना मशीनं बसली. त्यानंतर बोलायचा वर्ग. जन्मापासून ज्यानं शब्द ऐकला नाही त्याला शब्द शिकवावा लागतो, तोही लवकर, हे तुम्ही मनीषाला सांगून सांगून थकलात. आठवड्यातून दोनदा तुमची ती वारकरणींसारखी जोडी माझ्या दारात उतरायची, चहा घ्यायची आणि जालन्याची गाडी धरायला स्टेशनकडे पळायची.

पण मूल मोठं होत जातं तशी घरच्यांची घाई वाढते. गौरी चार वर्षांची झाली तरी तिच्या तोंडात मोजके शब्द. तिची आजी म्हणायला लागली, "पोरगी काही बोलंना, पण मशीन मात्र साऱ्या गावाला दिसून राह्यली. लगन कसं व्हायचं हिचं?" रामेश्वर ऐकून घ्यायचा. मनीषा तुमच्याकडे येऊन बसायची.

त्यात ते शिबिर आलं.

बाजारतळावर मांडव पडला. कर्णे लागले. फलकावर लिहिलेलं: मशीन काढा, ऐकायला लागा. माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी नेमकी हसनाबादला होते. रामेश्वर गौरीला नवा फ्रॉक घालून दारात आला. "काकू, तुम्ही बी चला. तीन थेंबांत काम होऊन राह्यलं म्हणतेत. तुमचं बी होऊन जाईल."

मला वाटलं तुम्ही त्याला झापणार. तुम्ही म्हणालात, "चल. बघू तरी."

तो माणूस बाबाबुवासारखा दिसत नव्हता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीक गंध, गोड आवाज. वैद्यराज म्हणवून घेत होता. त्याच्या टेबलावर तांब्याचं मोठं ताट ठेवलेलं. कर्ण्यावरून तो सांगत होता की मशीन ही कानाला लावलेली कुबडी आहे, ती फेकल्याशिवाय कान स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. म्हातारेकोतारे एकेक करून पुढे जात होते आणि मशीनं ताटात टाकत होते. मग तो थेंब टाकायचा, डोळे मिटून काही म्हणायचा, आणि अगदी तोंडासमोर तोंड आणून विचारायचा, "बाबा, ऐकू येतं का?" म्हातारा मान हलवायचा. "नाव काय?" म्हातारा नाव सांगायचा. टाळ्या पडायच्या.

रामेश्वर उठला. गौरीच्या दोन्ही कानांतली मशीनं त्यानं स्वतः काढली आणि ताटात ठेवली. पोरीनं आधी एका कानाला हात लावला, मग दुसऱ्या. तिनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. थेंब पडायला तिच्यापुढे अजून बरीच माणसं होती.

मी तुमच्याकडे वळले. तुम्ही ओठांनीच म्हणालात, "तू हितंच बस." मी तुमचा दंड धरला. एवढ्या गर्दीत, परक्या माणसासमोर, अपमान झाला तर कोण सोडवणार होतं? तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत, डाव्या कानातलं मशीन काढून कमरेच्या पिशवीत टाकलंत, आणि रांग ओलांडून सरळ टेबलापाशी जाऊन उभ्या राहिलात.

वैद्यराज खूश झाला. असं आपणहून पुढे येणारं माणूस कुणाला नको असतं. त्यानं माइक दोघांच्या मध्ये धरला. "माय, किती वर्षांपासून त्रास आहे?"

"झाली की वीस-बावीस."

"मुलं किती?"

"एक ल्योक, एक लेक. लेक संभाजीनगरला दिली."

"शेतात काय लावलं यंदा?"

"मका अन् मिरची."

त्यानं थेंबाची बाटली उचलली. तुम्ही हात आडवा धरलात, त्याच्या हातातला माइक काढून घेतलात आणि लोकांकडे तोंड केलंत.

"मंडळी, थेंब अजून पडला न्हाई. मशीन मह्या पिशवीत हाये. मशीन काढल्यावर मला शब्द ऐकू येत न्हाई, हे साऱ्या गावाला ठाऊक हाये. मंग म्या याच्या सगळ्या सवालांचे जवाब बराबर कसे दिले?"

मांडवात एकदम शांतता. तुम्हाला ती ऐकू येणार नव्हती, पण तुम्ही लोकांच्या तोंडांवर ती वाचत होतात. तुम्ही वळलात, पदराचं टोक दोन्ही हातांनी ताणलंत आणि त्या माणसाच्या तोंडासमोर धरलंत. माइक तुम्ही त्याच्या हातात परत दिला होता. "आता विचारा."

त्याला नाही म्हणता येईना. तो मोठ्यानं म्हणाला, "माय, जेवण झालं का?" कर्ण्यातून ते बाजाराच्या पार टोकापर्यंत गेलं. तुम्ही पदर धरून उभ्या. त्यानं परत विचारलं. तुम्ही तशाच. मग पदर खाली घेऊन तुम्ही लोकांना म्हणालात, "यांनी काय विचारलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. मला आभाळ गडगडल्यावानी लागलं, शब्द एक न्हाई. जेवलीस का म्हणले का पळून जा म्हणले, मला काय ठाऊक?"

लोक हसले. पहिल्यांदा त्याच्या बाजूनं नव्हे, तुमच्या बाजूनं.

तुम्ही मशीन कानात घातलंत आणि कोंडिबानानांकडे गेलात. थोड्या वेळापूर्वी ज्यांना गुण आला म्हणून टाळ्या पडल्या होत्या, ते आपल्या गल्लीतले नाना. तुम्ही पदर तोंडापुढे धरून विचारलंत, "नाना, तुमची धाकटी कोणत्या गावी दिली?"

नाना पदराकडे बघत राहिले. मग मान हलवत म्हणाले, "हाव, हाव."

कुणी हसलं नाही. तुम्ही पदर बाजूला केलात आणि त्यांच्या गुडघ्यापाशी बसलात. "नाना, म्या बी असंच हाव म्हणत होते. सगळे आशेनं बघतेत, त्यांना न्हाई म्हणवत न्हाई. पण न्हाई असंल तर न्हाई म्हणावं. त्यात आपली लाज न्हाई." नानांनी तुमच्या ओठांवरून ते सगळं वाचलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते स्पष्ट म्हणाले, "न्हाई येत गं ऐकू. कालच्याएवढंच येतंय."

एवढ्यावर संपलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण मागच्या रांगेतून एक तरुण उठला. म्हणाला, "मला मात्र खरंच येऊन राह्यलं. माझी परीक्षा घ्या." तुम्ही पदराआडून विचारलंत, त्यानं पटापट उत्तरं दिली. वैद्यराजाच्या तोंडावर रंग आला. "बघा," तो म्हणाला, "ज्याची श्रद्धा त्याला फळ." लोक परत डळमळले.

तुम्ही घाबरला नाहीत. तुम्ही त्या पोराला विचारलंत, "तेल टाकल्यावर कानातून काय निघालं?"

"काळा गोळा निघाला. सुपारीएवढा."

"तो मळ. कान बुजला होता तुहा, बहिरा न्हाई झालता. आता चांगलं ऐकू येतंय ते बरं झालं, खोटं कामून म्हणू? पण मळ दवाखान्यात बी काढतेत, अन् आधी आत बघून काढतेत. मह्या कानात न बघता तेल गेलं अन् हा कान कायमचा गेला." तुम्ही उजव्या कानाची पाळी धरून सगळ्यांना दाखवलीत. "याला गुण आला म्हणून साऱ्यांना येईल, असं म्हणणारा एक तर अडाणी हाये, न्हाई तर लबाड. यांनी एकाच्या तरी कानात बत्ती घालून बघितलं का? तेवढं सांगा मला."

त्यानं बघितलं नव्हतं. सगळ्यांना ते माहीत होतं, कारण सगळे सकाळपासून तिथंच बसले होते.

आधी रामेश्वर उठला. ताटापाशी गेला, गौरीची दोन्ही मशीनं उचलली, शर्टाला पुसली आणि तिथंच मांडी घालून तिच्या कानात बसवली. मग जी झुंबड उडाली, अक्का. सगळे म्हातारे ताटावर. कुठलं मशीन कुणाचं ते कळेना. ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा साचा, दुसऱ्याच्या कानात बसायचा नाही. "हे मला ढिलं होऊन राह्यलं, तुमचं बघा." "अहो हे तर डाव्या कानाचं दिसतं." तुम्ही ताट मांडीवर घेऊन बसलात आणि ज्याचं त्याला जुळवून दिलंत. चिंचेच्या दिवसांत पोरांना चिंचा वाटतात तसं.

तरुण पोरं मात्र वैद्यराजाला घेरून उभी होती. एकानं त्याची कॉलर धरली. तुम्ही ताट बाजूला ठेवून मध्ये गेलात. "हात लावायचा न्हाई. याला मारलं तर उद्या लोक म्हणतील, वैद्याला मारलं म्हणून गुण आला न्हाई." पोरांनी कॉलर सोडली. तासाभरात मांडव उतरला.

घरी आल्यावर तुम्हाला चहाचा कप धरवेना, मी बशीतून पाजला. "लई भ्याले होते गं," तुम्ही ओठांनी म्हणालात. मग तुम्हाला हसू आलं, मला आलं, भाऊ दारातून बघत होते त्यांनाही आलं. इतकं हसलेलं मी त्या घराला कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही तिथं थांबला नाहीत, हे मला तुमचं सगळ्यात मोठं वाटतं. भोकरदनचा बाजार, बदनापूरचा बाजार, कुणाच्या हळदीकुंकवात, कुणाच्या ओसरीवर. भाऊ मोटारसायकल चालवणार, तुम्ही मागे. रामनवमीला जांबसमर्थला गेलात तरी देवळाबाहेर बायकांना धरून बसायचात. भाषण करायचा नाहीत. पदर धरायचा, सवाल विचारायचा, आणि शेवटी सांगायचं: कानात काही टाकायच्या आधी कानात कुणी बघितलं का ते विचारा, आणि मूल दचकत नसेल तर वाट बघत बसू नका. तुमच्या मागं लागून किती जण जालन्याला गेले, ते कुणी मोजलं नाही.

आपलं एक भांडण तेवढं राहून गेलं. मी म्हणत होते की त्या माणसाविरुद्ध तक्रार करायला हवी होती, कायदा आहे. तुम्ही म्हणायचात, "त्याच्यामागं म्या कुठं कुठं फिरू? गिऱ्हाईक शहाणं झालं की दुकान आपसूक बसतं." मी म्हणायचे, तो दुसऱ्या तालुक्यात मांडव घालेल. तुम्ही म्हणायचात, "मंग आपण बी जाऊ तिकडं." अक्का, मला अजून वाटतं की माझं बरोबर होतं. दोन्ही करायला हवं होतं. तुम्ही असतात तर यावर आज सकाळीही आपलं वाजलं असतं.

दुसऱ्या वादात मात्र मी हरले. देवळाच्या पायरीवर बसून चमत्काराविरुद्ध बोलता, हे कसं, असं मी तुम्हाला एकदा डिवचलं होतं. तुम्ही चिडला नाहीत. "देवाला म्या कान कधी मागितले न्हाई. धीर मागते. तो द्यायला त्याला तेल लागत न्हाई."

गौरीचं सांगते, म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला सांगायला आवडतं. शिबिरानंतर वर्ग एकदाही चुकला नाही. आजी स्वतः तिच्या मशीनच्या बॅटऱ्या सांभाळायला लागली. आणि त्या उन्हाळ्यात माझ्या दारात चप्पल काढता काढता गौरी मला म्हणाली, "काकू, पाणी दे." सगळं वाक्य, माझ्याकडे बघत. मनीषा उंबऱ्यातच खाली बसली. मी रडायच्या बेतात. तुम्ही तिला म्हणालात, "दे न्हाई. द्या म्हण." आणि ती म्हणाली, "द्या." आता पहिलीत आहे. तिच्या बाई तक्रार करतात की वर्गात फार बोलते.

तुम्हाला कधी सांगितलं नाही ते हे, की तुमच्यामुळे मी शिकवायची पद्धत बदलली. पूर्वी मी फळ्याकडे तोंड करून बोलायचे, सगळेच बोलतात. तुमच्याशी बोलून बोलून सवय लागली तोंड समोर ठेवायची. त्यामुळे मला एक मुलगी दिसली, जी मी वळले की गोंधळायची आणि समोर बघितलं की हुशार व्हायची. तिच्या आईबापाला सांगितलं, तपासणी झाली, आज तिच्या कानात मशीन आहे. ती मुलगी तुमची आहे, अक्का, तुम्ही तिला कधी पाहिलंही नाही. हे सांगायचं म्हणून मी दवाखान्यात आले होते. तुमचं मशीन काढून ठेवलेलं. मी समोर बसले, तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत, आणि मी ओठांनी भलतंच काही बोलले. जेवलात का, दुखतंय का. तुम्ही म्हणालात, "गौरीचा वर्ग सुटू देऊ नको." मी हो म्हटलं. मग तुम्ही डोळे मिटलेत. मिटलेल्या डोळ्यांना काही सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आता इथं लिहिलं.

काल तेरवी झाली. नातेवाइकांचा अंदाज धरून स्वयंपाक केला होता, तो दुपारीच संपला. परत चूल पेटवावी लागली. कुठून कुठून माणसं आली, अक्का. बदनापूरची, जांबसमर्थची, ज्या गावांची नावं मी तुमच्या तोंडी कधी ऐकली नव्हती तिथली. कुणाच्या एका कानात मशीन, कुणाच्या दोन्ही. दुःखाच्या घरी लोक हळू बोलतात, पण या लोकांना हळू बोलून भागत नव्हतं. एकमेकांच्या समोर बसून, तोंडाकडे तोंड करून, सगळे मोठमोठ्यानं तुमच्याबद्दल बोलत होते. कोंडिबानाना तुमची नक्कल करून दाखवत होते. पोळी वाढणाऱ्या मनीषाला दोन-दोनदा ओरडून विचारावं लागत होतं. अंगणात नुसता गलका.

वरच्या गल्लीतला एक जण धावत आला, भांडण लागलं की काय ते बघायला. मी दारातच होते. त्याला म्हटलं, भांडण नाही, अक्कांची माणसं जेवायला बसलीत.